पंच्याऐंशी, एक पॉइंट आठ

ड्युब्यूकमधल्या शाळेच्या जिममध्ये
उजेड असा असतो की
डोळ्यांना वाटतं भरपूर आहे
आणि कॅमेऱ्याला वाटतं, तिन्हीसांजा झाल्या.
छताला पिवळट दिवे, जाळीच्या पिंजऱ्यात,
त्यातला एक गेल्या वर्षीपासून फडफडतो.

शर्वरी लिबेरो आहे.
तिची जर्सी बाकीच्यांहून वेगळी, केशरी.
तिने स्मॅश मारायचा नसतो,
पडणारं उचलायचं असतं.
तेरा सामने मी सगळ्यात वरच्या पायरीवर बसून
कॅमेऱ्यासोबत आलेल्या लेन्सने
तिचे फोटो काढले:
तीनशे चाळीस वेळा एक केशरी ओरखडा
लाकडी जमिनीवरून घसरत गेलेला.
गणिताचा पेपर हातात धरून वडील विचारायचे
तसं मीच मला विचारलं,
काय उजेड पाडलास?

मग रात्री, भांडी झाल्यावर, आकडे.
सत्तर-दोनशे, दोन पॉइंट आठ: अठराशे डॉलर, तीही वापरलेली.
गाडीचे ब्रेक: सहाशे वीस.
अनुजा काही बोलली नाही,
फक्त ब्रेकचं कोटेशन फ्रिजवर लावलं,
दुधाच्या उंचीवर, जिथे मी रोज हात घालतो.
पन्नासची स्वस्त आहे, पण तिच्यातून पोर
मुंगीएवढी दिसते.
आकडा जितका लहान
तितका लेन्सचा डोळा मोठा,
आणि डोळा जितका मोठा
तितकं खिशाला भोक.

नदीकडे उतरणाऱ्या रस्त्यावर क्लोस्टरमनचं दुकान.
म्हातारा तीस वर्षं पेपरसाठी
शाळाशाळांतल्या कुस्त्या टिपत होता.
माझी लेन्स त्याने दिव्याकडे धरली,
आणि काही न बोलता परत दिली.
कपाटातून एक आखूड, जाडजूड काढली.
पंच्याऐंशी. एक पॉइंट आठ. दोनशे चाळीस.
पुढच्या काचेवर केसाएवढा चरा.
"हिच्यात तुझ्यापेक्षा दहापट उजेड शिरतो," म्हणाला.
"चरा फोटोत दिसत नाही. किमतीत दिसतो."
आणि झूम? मी विचारलं.
तो काउंटरवरून वाकला
आणि माझ्या बुटांकडे बघत राहिला.

अंथरूण पाहून पाय पसरावेत, हे ठाऊक होतं.
अंथरूण आखूड निघालं तर
उठून चालू लागावं, हे नव्हतं.

गुरुवारी चौदा पायऱ्या उतरून खाली आलो,
बाकीच्या आईबापांच्या पुढे, रेषेपासून चार हातांवर
मांडी घालून बसलो.
शर्वरीने एकदा बघितलं,
डोळे फिरवले, गुडघ्याचं पॅड वर ओढलं.
वरून ती कधी बोलताना दिसली नव्हती.
इथे ऐकू आलं.
समोरून सर्व्हिस सुटायच्या आधी
ती स्वतःशी पुटपुटत असते,
"माझा, माझा, माझा."
घरी, जेवायला येतेस का विचारलं
तरी इंग्रजीत उत्तर देणारी मुलगी.
दोन सर्व्हिस मी कॅमेरा डोळ्याला लावलाच नाही.

फोटो? हो, आले.
सेकंदाच्या पाचशेव्या भागात
बॉल हवेत उभा राहतो, शहाण्यासारखा.
पण एवढा मोठा डोळा
एका वेळी हातभरच नीट बघतो,
आणि त्या हातभरात कधी पंचाची शिट्टी आली,
कधी बारा नंबरची वेणी,
सव्वीस वेळा नुसती नेटची दोरी.
एकात ती सापडली.
हनुवटी जमिनीपासून वीतभर, बॉल मनगटावर,
ओठ अर्धे उघडलेले,
'मा' होऊन गेलेला, 'झा' यायचा.

दाणे बरेच आहेत, केशरी बाहीवर
कुणीतरी रवा सांडल्यासारखे.
शर्वरीने तो फोटो मोठा केला, लहान केला,
फोन परत दिला.
जिना चढताना वरून म्हणाली,
पुढच्या वेळी डावीकडे बस,
उजवीकडचा दिवा फडफडतो.